बिअरचं थर्मोडायनॅमिक्स (आणि बिलाचं गणित)

हॉस्टेलमध्ये 'बिअर' हा शब्द उच्चारला की लोकांचे तीन गट पडतात. पहिला गट "कधी? कुठे? कोण देतंय?" विचारणाऱ्यांचा. दुसरा गट कानावर हात ठेवून "आमच्या घरी कळलं तर!" म्हणणाऱ्यांचा. तिसरा गट शांतपणे आपलं जर्नल पूर्ण करत बसतो आणि रात्री पहिल्या गटाला बादली आणून देतो. मी एमटेकला आलो तोवर बराच काळ तिसऱ्या गटात होतो. बादलीचा अनुभव दांडगा आहे.

तेव्हा मराठी विभागात बिअरवर लेख कसा, असं ज्या सरांना वाटेल त्यांना आधीच सांगतो की ही जाहिरात नाही. थर्मल इंजिनिअरिंग शिकणाऱ्या एका मुलाने एक छोटा प्रोसेस प्लांट पाहिला, त्याचा हा वृत्तांत. प्लांट केमिकल कंपनीत असता तर याला 'इंडस्ट्रियल व्हिजिट' म्हटलं असतं आणि सह्या घेऊन हजेरी लावली असती. हा पबमध्ये होता, एवढाच फरक.

झालं असं की माझा आतेभाऊ खराडीला आयटीत आहे, त्याला प्रमोशन मिळालं. दादा म्हणाला, "चल, तुला खरी बिअर दाखवतो." 'पाजतो' न म्हणता 'दाखवतो' म्हणाला, म्हणून मी तयार झालो. बरोबर माझा रूममेट (बीई केमिकलवाला) आणि आमच्या वर्गातली एक मैत्रीण. शनिवारी दुपारी चारला निघालो, कारण मुलींच्या हॉस्टेलचं गेट आमच्यापेक्षा तासभर आधी बंद होतं. का, ते मला आजवर कोणी समजावून सांगितलेलं नाही. आमच्या मजल्यावरचा सेकंड इयरचा एक ज्युनियर पण मागे लागला होता. तो वीस वर्षांचा. त्याला घेतला नाही, आणि ते का, हे आधी सांगतो, कारण निम्म्या हॉस्टेलला हे माहीतच नाही.

महाराष्ट्रात सौम्य बिअर आणि वाइनसाठी वय पूर्ण २१ लागतं, बाकी सगळ्या मद्यासाठी २५. सौम्य म्हणजे पाच टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेली. म्हणजे आपल्या बीईच्या बहुतेक पब्लिकला दोन्ही दारं बंद, आणि एमटेकच्या आम्हा तेवीस-चोवीसवाल्यांना एकच दार अर्धं उघडं. शिवाय आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे, त्यामुळे कागदोपत्री पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो. दारावरच्या माणसाने आमची लायसन्सं उलटून पालटून पाहिली. तोंडी परीक्षेला एक्स्टर्नलसुद्धा इतकं बारकाईने बघत नाही.

आता पब. मुंढव्याच्या बाजूला आहे, नाव सांगत नाही, नाहीतर जाहिरात होईल. आत शिरल्यावर सिनेमात दाखवतात तसा अंधार, लाल दिवे, धूर वगैरे काही नव्हतं. वर उंच छप्पर, लाकडी बाकं, एका टेबलावर चक्क आजी-आजोबा नातवंडांबरोबर पिझ्झा खात होते. आणि समोर एक भलीमोठी काच. काचेपलीकडे स्टीलची चकचकीत भांडी, पाइप, व्हॉल्व्ह, तापमानाचे डायल. माझे पाय आपोआप तिकडे वळले. रूममेट बारकडे गेला. (ब्रँचचा फरक म्हणावा तर केमिकलवाला तो!)

काचेजवळ घुटमळताना पाहून तिथला ब्रूअर बाहेर आला. गमबूट, हातमोजे, घामाघूम. "इंजिनिअरिंगचे का?" म्हणाला. चेहऱ्यावर लिहिलेलं असावं. गिऱ्हाइकं कमी होती, म्हणून त्याने आत नेऊन सगळं दाखवलं. बिअर म्हणजे चार गोष्टी : पाणी, बार्ली म्हणजे जव, हॉप्स नावाची फुलं आणि यीस्ट. जर्मनीतल्या बव्हेरियात १५१६ साली कायदाच झाला की बिअरमध्ये पाणी, जव आणि हॉप्स एवढंच घालायचं. यीस्टचा उल्लेख त्यात नाही, कारण यीस्ट काय काम करतं हे तेव्हा कोणाला ठाऊकच नव्हतं.

जवातून बिअर कशी होते? इथे मला एकदम आईची आठवण झाली. तुमच्यापैकी ज्यांना लहानपणी नाचणीचं सत्त्व पाजलंय त्यांना निम्मी प्रोसेस माहीत आहे. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायची, भाजायची, दळायची. जवाला नेमकं हेच केलं की त्याला माल्ट म्हणतात. का करायचं? दाण्यात पिष्ट म्हणजे स्टार्च भरलेलं असतं. यीस्टला स्टार्च खाता येत नाही, त्याला साखर लागते. दाण्याला मोड येताना तो स्वतःच अमायलेज नावाची एन्झाइम्स तयार करतो, कोंबाला खायला घालण्यासाठी. आपण अगदी त्याच वेळी दाणा वाळवून ती एन्झाइम्स पळवतो. मोड आलेल्या नाचणीची पेज साध्या पिठाच्या पेजेपेक्षा पातळ होते, तीही याच अमायलेजची करामत. पिष्टाच्या लांबलचक साखळ्या तुटतात.

भरडलेला माल्ट गरम पाण्यात कालवून तासभर ठेवतात. हे मॅशिंग. तापमान ६५ ते ६७ अंश सेल्सियस. ब्रूअर म्हणाला, "या दोन अंशांत आमची नोकरी आहे." कारण एन्झाइम दोन प्रकारची. बीटा अमायलेज ६३-६५ अंशांना खूष असतं, साखळीच्या टोकाकडून छोटे छोटे तुकडे तोडतं, यीस्ट ते सगळे फस्त करतं, बिअर हलकी आणि कोरडी होते. अल्फा अमायलेजला सत्तरीच्या आसपासची गरमी आवडते, ते मधूनच कुठेही तोडतं, काही तुकडे यीस्टला न पचणारे मोठे राहतात, आणि बिअर तोंडाला दाट लागते. म्हणजे थर्मोस्टॅट दोन अंशांनी इकडेतिकडे केला की चव बदलली! आमच्या हीट ट्रान्सफर लॅबमधला थर्मोकपल चार अंश जास्त दाखवतो आणि आपण 'ऑब्झर्वेशनल एरर' लिहून मोकळे होतो. इथे त्या एररची चव गिऱ्हाईक घेतं.

मग ते गोड पाणी गाळून घ्यायचं (याला वर्ट म्हणतात), आणि तास-दीड तास उकळायचं. उकळताना हॉप्स घालायचे. हॉप्स ही वेलीची फुलं, हिरव्या छोट्या कणसासारखी. सुरुवातीला घातले तर त्यातली आम्लं उष्णतेने रूप बदलतात आणि कडूपणा देतात. शेवटच्या काही मिनिटांत घातले तर कडूपणा कमी, वास जास्त. फोडणीत आधी घातलेली आणि वरून भुरभुरलेली कोथिंबीर यांत जो फरक, तोच हा. आपल्याकडे हॉप्स हिमाचलात लाहौलच्या खोऱ्यात पिकतात, पण क्राफ्ट बिअरवाले बरेचसे बाहेरून मागवतात. ब्रूअरने एक चिमूट तळहातावर चोळून वास घ्यायला दिली. लिंबाची साल, पाइन आणि ओलं गवत. आठ दिवस माझ्या बॅगेला तो वास होता.

पुढचा टप्पा माझा आवडता. उकळता वर्ट प्लेट हीट एक्स्चेंजरमधून जातो आणि काही मिनिटांत वीस अंशांवर येतो. काउंटर फ्लो, पातळ प्लेटा, नेमका सेकंड सेमला डेरिव्हेशन लिहिलेला! आणि सोडून दिलेलं पाणी? ते तापतं, ते पुढच्या मॅशिंगला वापरतात. एनर्जी रिकव्हरीवर मी ज्या दोन असाइनमेंटा लिहिल्या, त्यांत हे उदाहरण एकाही पुस्तकाने दिलं नव्हतं.

गार वर्टमध्ये यीस्ट सोडलं की त्याचं काम सुरू. हिशोब अकरावीच्या रसायनाचा : १८० ग्रॅम ग्लुकोज गेलं की ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. शिवाय उष्णता. म्हणून फर्मेंटरला दुहेरी भिंत असते आणि त्यातून थंड ग्लायकॉल फिरतं. ते बंद पडलं तर यीस्टला ताप चढतो आणि नको ते वास तयार होतात. एल जातीच्या बिअर वीसेक अंशांना आंबतात आणि दोन-तीन आठवड्यांत तयार होतात. लागर दहा-बारा अंशांना सावकाश आंबते, मग आणखी थंडीत काही आठवडे पडून राहते. टाकी अडते, वीज जळते, म्हणून छोट्या पबांमध्ये एलच जास्त.

अल्कोहोल किती तयार झालं ते कसं कळतं? हायड्रोमीटरने. साखरेचं पाणी जड, अल्कोहोल हलकं. आंबवण्याआधीची सापेक्ष घनता १.०४८, नंतरची १.०१०. फरक ०.०३८, त्याला १३१ ने गुणा : पाच टक्के. फर्स्ट इयरला जो हायड्रोमीटर आपण फोडतो (आणि पाचजणांत भरपाई वाटून घेतो) तोच हा.

ब्रूअर शेवटी म्हणाला, "लोकांना वाटतं आम्ही दिवसभर पीत बसतो. निम्मा दिवस भांडी घासतो." कॉस्टिकचं गरम द्रावण पाइपांतून फिरवायचं, मग पाणी, मग आम्ल. एक जंतू राहिला तरी अख्खी टाकी गटारात.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण हे कळल्यापासून मला आपल्या सिलॅबसकडे वेगळ्या नजरेने बघावंसं वाटतं. स्टॅटिस्टिक्सचा 'स्टुडंट्स टी टेस्ट' आठवतो? तो स्टुडंट म्हणजे कोणी विद्यार्थी नव्हता. विल्यम गॉसेट हा डब्लिनच्या गिनेस ब्रूअरीत नोकरीला होता. थोड्याशा नमुन्यांवरून निष्कर्ष किती खात्रीने काढता येईल, हा त्याचा रोजचा प्रश्न. त्याने १९०८ साली जो पेपर छापला तो कंपनीच्या धोरणामुळे 'स्टुडंट' या टोपणनावाने. पीएच मोजतो ना आपण? ती कल्पना सोरेन्सनने १९०९ मध्ये मांडली, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत. रेफ्रिजरेशनचा लिंडे म्युनिकला प्रोफेसर होता, त्याच्या सुरुवातीच्या यंत्रांना पहिलं गिऱ्हाईक मिळालं ते १८७०च्या दशकात तिथल्या श्पाटन ब्रूअरीत, कारण लागरला बारा महिने थंडी हवी होती. आणि ज्यूल? ज्याच्या नावाने आपण एनर्जी मोजतो, त्याच्या घरची सॅलफर्डला ब्रूअरी होती. तापमान बारकाईने मोजायची सवय त्या घरात असायचीच. म्हणजे थर्मो, स्टॅट्स, रेफ्रिजरेशन, केमिस्ट्री, आपल्या चार विषयांचा उगम किंवा पाळणा ब्रूअरीत आहे. मॅडमना हे सांगितलं तर म्हणाल्या, "पेपरात हे लिहू नकोस, मार्क नाहीत."

असो. टेबलावर येऊ.

रूममेटने एव्हाना सॅम्पलर मागवला होता. लाकडी पाटावर सहा छोटे ग्लास, प्रत्येकी ९० मिली. पहिल्यांदा जाणाऱ्याने हेच मागवावं असं माझं मत, कारण फळ्यावरची नावं वाचून काही कळत नाही आणि अख्खा ग्लास आवडला नाही तर चारशे रुपये जातात. फळ्यावर नावाशेजारी टक्के लिहिलेले होते. सहापैकी दोन पाचाच्या वरचे, ते एकोणतीस वर्षांच्या दादाच्या वाट्याला गेले. उरलेल्यांवर आम्ही तुटून पडलो.

गव्हाची बिअर, जर्मन पद्धतीची, गढूळ पिवळी. पहिल्या घोटाला केळं! मी ब्रूअरला विचारलं की केळं घालता का. नाही. यीस्टची ती जात आंबवताना आयसोअमाइल अ‍ॅसिटेट तयार करते, पिकलेल्या केळ्याला वास देणारा तोच रेणू. मागून लवंगेसारखं लागतं, तेही यीस्टचंच. बेल्जियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये मात्र खरोखरच धने आणि संत्र्याची साल असते. धने म्हटल्यावर मैत्रीण म्हणाली, "मग आंबट वरण झालं की." स्टाउट काळीभोर, कडक भाजलेल्या जवामुळे जळक्या कॉफीसारखी. काळी म्हणजे कडक हा हॉस्टेलमधला समज चुकीचा आहे. रंग भाजण्यावरून येतो, टक्के साखरेवरून. आमच्या समोरची स्टाउट फळ्यावरच्या सोनेरी बिअरपेक्षा सौम्य होती. सायडर हा बिअरचा प्रकारच नाही, तो सफरचंदाचा रस आंबवलेला.

आयपीए म्हणजे इंडिया पेल एल. नावात इंडिया बघून छाती फुगवू नका. ती गोऱ्यांनी गोऱ्यांसाठी इंग्लंडहून जहाजाने इथे पाठवलेली बिअर, प्रवासात टिकावी म्हणून हॉप्स जास्त. 'खास भारतासाठी शोध लावला' ही गोष्ट जरा वाढवून सांगितली जाते, कारण त्याच जहाजांतून साध्या सैनिकांसाठी काळी पोर्टरही येत होती. मला आयपीए म्हणजे कडुनिंबाचा काढा वाटला. दादाला तीच सगळ्यांत आवडते. दहा वर्षांनी आवडेल म्हणाला.

नावांवरूनच सांगतो. महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रूअरी पुण्यातच २००९ साली सुरू झाली, 'डूलाली'. हा इंग्रजी शब्द आहे, अर्थ डोकं फिरलेला. पण मूळ कुठलं? नाशिकजवळचं देवळाली! एकोणिसाव्या शतकात नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई तिथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत महिनोन्‌महिने बसायचे. काम नाही, ऊन, कंटाळा आणि ताप. त्याला ते 'डूलाली टॅप' म्हणू लागले, आणि तो टॅप म्हणजे आपला ताप. आमच्या हॉस्टेलमध्ये पीएलच्या तिसऱ्या आठवड्यात जे होतं त्याला यापेक्षा चांगलं नाव नाही.

खाणं. पबमधलं खाणं बिअरच्या हिशोबाने बेतलेलं असतं, हे लक्षात ठेवलं की मेन्यू वाचता येतो. पहिल्या पानावर सगळं खारट आणि तळलेलं, कारण मीठ खाल्लं की तहान लागते. आम्ही मसाला शेंगदाणे, ठेचा पनीर, चिकन विंग्ज आणि एक पिझ्झा घेतला. शेंगदाणे आपल्या कट्ट्यावर वीस रुपयांत मिळतात, इथे एकशे नव्वद. कांदा टोमॅटो बारीक चिरलेला होता, एवढं मान्य. ठेचा पनीर झकास. पण त्याबरोबर कडू आयपीए घेऊ नका, तिखट दुप्पट झोंबतं. गव्हाची गोडसर बिअर बरोबर बसते. पिझ्झाच्या चीजवर मात्र कडूपणा चांगला लागतो, तेलकट तोंड साफ होतं. आणि एक गंमत. विंग्ज खाऊन तेलकट ओठांनी ग्लास तोंडाला लावला की फेस बसतो. फेस प्रथिनांच्या पडद्यांनी उभा असतो, तेल त्याला मारतं. ग्लासच्या आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून बसले असतील तर ग्लास नीट धुतलेला नाही, खुशाल बदलून मागा.

खाणं फक्त चवीसाठी नाही. अल्कोहोल मुख्यतः लहान आतड्यातून रक्तात जातं. पोटात अन्न असलं की जठर ते हळूहळू पुढे सोडतं. रिकाम्या पोटी तेच प्रमाण एकदम चढतं. गच्चीवर मेसचं जेवण चुकवून बसणाऱ्या पहिल्या गटाने हे वाक्य पुन्हा वाचावं. बादली मीच आणून देत होतो.

साडेसहाला उठायचं ठरलं आणि इथे खरा प्रश्न आला. रूममेट स्वतःची बाइक घेऊन आला होता. दीडशे मिली सॅम्पलरमधली, मग गव्हाच्या बिअरचा ५०० मिलीचा ग्लास, मग ३३० चा आणखी एक. अडीच तासांत. तो चावी फिरवत म्हणाला, "मला काही झालेलं नाही. बघ, सरळ चालतो." आणि खरंच सरळ चालून दाखवलं.

दादा म्हणाला, "सरळ चालायला तुला कोण अडवतंय? गाडी राहू दे."

वाद वाढायला लागला. 'बियर तर प्यायलीय, दारू थोडीच' इथपर्यंत गाडी आली. तेव्हा मैत्रिणीने बिलाची मागची बाजू पुढे ओढली आणि म्हणाली, "आकडे काढ ना. केमिकलवाला आहेस."

तर आकडे. स्वीडनच्या एरिक विडमार्कने १९३०च्या दशकात मांडलेलं सूत्र अजून वापरतात. प्यायलेलं अल्कोहोल ग्रॅममध्ये घ्यायचं, त्याला वजन गुणिले एका गुणकाने भागायचं. गुणक पुरुषांसाठी साधारण ०.६८, स्त्रियांसाठी ०.५५, कारण अल्कोहोल शरीरातल्या पाण्यात पसरतं आणि ते प्रमाण वेगळं असतं. ९८० मिली, पाच टक्के म्हणजे ४९ मिली अल्कोहोल. घनता ०.७८९, म्हणजे ३८.७ ग्रॅम. रूममेटचं वजन ६२. भागाकार येतो किलोला ०.९२ ग्रॅम, म्हणजे ढोबळमानाने १०० मिली रक्तात ९२ मिलिग्रॅम. यकृत तासाला साधारण १५ काढून टाकतं, अडीच तासांचे ३७ वजा. उरले ५५. कायद्याची मर्यादा ३०. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५, पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २०१९ च्या दुरुस्तीनंतर दहा हजारांचा दंड, किंवा दोन्ही. शून्यावर यायला अजून जवळजवळ चार तास, आणि आमचं गेट साडेदहाला बंद.

त्याहून बोलका आकडा पुढचा. नुसता एक ५०० मिलीचा ग्लास पटकन संपवला तरी त्याला ४७ येतात. त्याच ग्लासला ५२ किलोच्या मैत्रिणीला ६९. एकच ग्लास आणि तीसची रेघ दोघांनीही ओलांडलेली. 'एकाने काय होतंय' याचं उत्तर हे आहे. हे सूत्र सरासरीचं आहे, माणसागणिक इकडेतिकडे होतं, त्यामुळे त्यावर टेकून 'मी अठ्ठावीसवर आहे, चालवतो' असला प्रकार करायचा नाही. सरळ चालता येणं आणि समोर कुत्रं आडवं आल्यावर वेळेत ब्रेक लागणं या दोन वेगळ्या चाचण्या आहेत, आणि दुसरी रस्त्यावरच होते.

रूममेट बराच वेळ कागदाकडे बघत होता. मग म्हणाला, "घनता ०.७८९ कुठल्या तापमानाला?" दादाने चावी स्वतःच्या खिशात टाकली. पबवाल्याने बाइक रात्रभर आवारात ठेवू दिली, आम्ही कॅबने आलो. रविवारी सकाळी तो पीएमटीने (नवं नाव मला अजून जमत नाही) जाऊन गाडी घेऊन आला. परतीच्या रस्त्यात माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता, सोमवारी मेसमध्ये शेजारी येऊन बसला.

बिलाचं राहिलंच. खाण्यावर जीएसटी, बिअरवर वेगळा व्हॅट, कारण पिण्याची दारू जीएसटीच्या बाहेर ठेवलेली आहे. पबमधल्या दारूवरचा हा व्हॅट राज्य सरकारने २०२३ च्या नोव्हेंबरात पाचावरून दहा टक्के केला. खाली 'सर्व्हिस चार्ज' लिहिलेला असेल तर तो ऐच्छिक आहे, नको म्हणता येतो. दादाने अर्धं भरलं, उरलेलं टीटीएमएम. माझ्या वाट्याला ६४० रुपये. मेसचं महिन्याचं बिल ३२०० आहे, म्हणजे सहा दिवसांचं जेवण झालं. दर महिन्याला परवडणारी गोष्ट नाही, आणि ते बरंच आहे.

निघताना ब्रूअरने एक पिशवी हातात ठेवली. गाळून उरलेला जवाचा चोथा, सकाळच्याच मॅशचा. एरवी तो गुरांच्या खाद्याला जातो. म्हणाला, आजच वाळवा, नाहीतर उद्या आंबेल. रात्रीच गच्चीवर चादरीवर पसरला, रविवारी दिवसभर ऊन दिलं, संध्याकाळी गिरणीतून भाजणीत मिसळून दळून आणला आणि मेसच्या मावशींना थालीपीठं लावायला सांगितली.

मावशींनी पीठ हातावर घेऊन वास घेतला. "हे तर आंबोण आहे की रे! आणि त्या दुकानातनं आणलंस म्हणतोस. यात दारू नाही ना?"

नाही. चोथा यीस्ट घालण्याच्या आधीच बाजूला काढतात. पिष्ट गेलेलं, तंतू आणि प्रथिनं उरलेली. मावशींना एवढं सांगितल्यावर त्यांनी जरा जास्तच कांदा घालून थालीपीठं लावली. थोडी खरखरीत झाली, पण लोण्याबरोबर चौघांनी अकरा संपवली. त्यात तो वीस वर्षांचा ज्युनियरही होता.